उताराची शर्यत : बर्फाला पाणी मारणे

श्ट्राइफ या उतारावरच्या हाउसबेर्गकान्टेच्या उडीवर आज लिहायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या रविवारी. अहेरीच्या एका वाचकांनी विचारलंय : ‘पाणी मारलेला उतार असं तुम्ही गेल्या वेळी जाता जाता लिहिलंत. पाणी स्लॅबला मारतात, बर्फाला कशाला?’ हा प्रश्न एका ओळीत वाटेला लावायला मन धजेना.

बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो हिंदी सिनेमातला. भुसभुशीत, एकमेकांवर गोळे फेकायचा. ऑस्ट्रियातल्या किट्झब्यूलच्या श्ट्राइफवर, म्हणजे डाउनहिलच्या (उताराच्या) शर्यतीच्या तिथल्या उतारावर, असा बर्फ राहिला, तर शर्यत रद्दच करावी लागेल. पहिला गडी गेला की स्कीच्या पोलादी कडांनी चरे पडतात, दहाव्यापर्यंत त्यांच्या चाकोऱ्या होतात आणि विसाव्याच्या वाट्याला खड्डे येतात. जिथे निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागावर लागतो, तिथे कोणाचा नंबर कधी आला यावर सगळं ठरायचं. म्हणून भोकं पाडलेले लांब पाईप बर्फावर आडवे टाकून दाबाने पाणी आत खोलवर सोडतात. ते आतल्या आत गोठलं की सगळा थर घट्ट होतो. थंडी कमी पडली तर मीठसुद्धा टाकतात. मिठाने थोडा बर्फ वितळतो, वितळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि उरलेला ओला थर कडक होतो.

म्हणजे स्लॅबसारखंच, मजबुतीसाठी. पण या मजबुतीची किंमत खेळाडू मोजतो.

श्ट्राइफची सुरुवात १,६६५ मीटरवर होते, आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून १९ मीटर वर. तिथून ३,३१२ मीटर अंतरात ८६० मीटर खाली यायचं. फ्रिट्झ श्ट्रोब्ल या स्कीपटूने १९९७ साली ते १ मिनिट ५१.५८ सेकंदांत कापलं, म्हणजे सरासरी ताशी १०७ किलोमीटर! सुरुवातीच्या काही सेकंदांतच माउझेफालेची उडी येते. तिथला उतार ८५ टक्के, म्हणजे आडवं १०० मीटर जाईपर्यंत माणूस ८५ मीटर खाली आलेला असतो. टीव्हीवाल्यांना ही उडी फार प्रिय. माझ्या मते खरी परीक्षा त्यानंतरच्या श्टाइलहांगवर आहे. तिथे याच कडक बर्फावर वळायचं असतं आणि वळण धरून ठेवायला पायाखाली फक्त स्कीची धार. वळण जरा रुंद झालं तर लगेच काही बिघडत नाही. पुढे जवळजवळ सपाट रस्ता लागतो, तिथे वेग मिळवायला उतारच नसतो. वरच्या चुकीची किंमत इथे वसूल होते, व्याजासकट.

पाण्याचं झालं, पण मुळात बर्फच पडला नाही तर? १९६४च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी ऑस्ट्रियात तसंच झालं आणि सैन्याने बर्फ वाहून आणून उतार तयार केले. त्याच ऑलिम्पिकच्या डाउनहिलमध्ये भारताचा एक गडी उतरला होता : पोलिश कुटुंबातला जेरेमी बुयाकोव्स्की, हिवाळी ऑलिम्पिकमधला भारताचा पहिला खेळाडू. तो शेवटच्या रेषेपर्यंत पोचला नाही. पण त्याच उतारावर सरावात एका ऑस्ट्रेलियन स्कीपटूचा जीव गेला होता, हे ध्यानात ठेवून ते वाचावं. बुयाकोव्स्की १९६८ला ग्रनोबलला पुन्हा उतरला. या माणसावर एक अख्खा लेख व्हायला हवा.

किट्झब्यूललाही बर्फाची ही टंचाई चुकली नाही. २००७ साली उबेमुळे उतार उघडा पडला, तेव्हा हेलिकॉप्टरने बर्फ आणला. त्यावर टीका व्हायची ती झालीच, आणि डाउनहिल तरीही रद्द झाली.

आलापल्लीच्या लाकूड डेपोवरून आलेला प्रश्न अजून बाकी आहे : स्की सागाच्या का करत नाहीत? जुन्या स्की हिकरी आणि अ‍ॅशच्या असत आणि आजच्या स्कीच्या पोटातही बहुधा लाकूडच असतं. या विषयावर मला गप्प बसवणं अवघड आहे, तेव्हा हाउसबेर्गकान्टे आणखी एक रविवार लांबली तर रागावू नका.