कोंबडी रात्री हातात घेऊन बघा

कोंबडी आजार लपवते. कळपात जी सुस्तावते तिला बाकीच्या टोचतात, म्हणून ती अगदी शेवटपर्यंत दाणे टिपल्यासारखं करत राहते. ती अंग फुगवून कोपऱ्यात बसलेली आपल्याला दिसते, तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. काटोलात परसात चार-सहा गावरान कोंबड्या हौसेने पाळणाऱ्या प्रत्येकाने त्यामुळे एक सवय लावून घ्यावी : आठवड्यातून एकदा एकेक कोंबडी हातात घेऊन बघायची.

वेळ रात्रीची निवडा. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, ती पळत नाही. दोन्ही पंख अंगाशी धरून अलगद उचला, पाय धरून उलटी लटकवू नका. छातीही आवळू नका. आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, तिला नसतं. छाती हलली तरच तिला श्वास घेता येतो. लहान मुलं प्रेमाने घट्ट धरतात आणि नेमकं इथेच बिघडतं.

आधी डोकं बघा. तुरा लाल, डोळे उघडे, नाकपुड्या कोरड्या हव्यात. तुरा फिका पडला असेल तर उवा, गोचीड किंवा जंत रक्त कमी करत असण्याची शक्यता आहे. पण खुडूक बसलेल्या किंवा अंडी बंद झालेल्या कोंबडीचा तुराही फिकाच असतो, त्यामुळे एवढ्यावरून घाबरू नका. तुरा जांभळट झाला आणि कोंबडी धापा टाकत असेल, तर मात्र वाट बघू नका.

तुऱ्यावर काळपट खपल्या दिसल्या तर त्या बहुधा देवीच्या असतात. हा विषाणूचा रोग आहे आणि तो डासांमुळे पसरतो. खपल्या उपटू नका. तीन-चार आठवड्यांत त्या आपोआप गळतात. तोंडात पिवळट पापुद्रे आले किंवा डोळा बंद झाला, तर डॉक्टरांना दाखवा.

गळ्याखालची दाण्याची पिशवी मात्र सकाळी, दाणे टाकण्याआधी चाचपायची. रात्रभरात ती रिकामी झालेली असते. सकाळीही ती टणक लागली तर गवताचे लांब धागे किंवा सुतळी अडकलेली असू शकते. पाणचट लागून आंबट वास आला, तर दाणे आत आंबलेले असतात. कोंबडी उलटी धरून ते ओकवू नका, पाणी श्वासनळीत जाऊन ती दगावते.

आता शेपटीखालची पिसं बाजूला करा. इथे घाई करू नका, बॅटरी जवळ धरा. पिवळसर उवा पळताना दिसतील, पिसांच्या बुडाशी त्यांच्या अंड्यांचे पांढरे गुच्छ चिकटलेले असतील. खुडूक कोंबडीत त्या जास्त सापडतात, कारण ती धुळीत लोळायला फारशी उठतच नाही. गोचीड वेगळी. ती दिवसा खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री येऊन रक्त पिते, म्हणून नुसती कोंबडी बघून ती सापडेलच असं नाही.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपल्याकडे घरोघरी कपाशीवर, संत्र्यावर फवारायची औषधं असतात. त्यातलंच थोडं पातळ करून कोंबडीवर मारलं जातं. तसं कधीही करू नका. कोंबडी चोचीने पिसं साफ करते, विष थेट पोटात जातं, उरलेलं अंड्यात उतरू शकतं. रॉकेलही नको. कोंबडीसाठीचं औषध डॉक्टरांना विचारूनच आणा, अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा. औषधाने उवा मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत. म्हणून साधारण दहा दिवसांनी दुसरा हात लागतो. तो न दिल्यामुळेच ‘औषध लागू पडलं नाही’ अशी तक्रार होते. गोचीड असेल तर खुराड्याच्या फटींत उकळतं पाणी ओता आणि चुना लावून फटी बुजवा. त्या वेळी कोंबड्या बाहेर हव्यात.

रोजची साफसफाई कोंबडी स्वतःच करते. तिच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. ते तेल ती चोचीने पिसांना लावते आणि कोरड्या मातीत लोळून उवा झटकते. आपण फक्त जागा करून द्यायची : जुन्या घमेल्यात कोरडी माती आणि चाळलेली लाकडाची राख. पावसाळ्यात ते छपराखाली ठेवा, कारण ओली राख कातडी पोळते. साबण लावून अंघोळ घालू नका. मागची पिसं विष्ठेने माखली असतील, तर तेवढीच कोमट पाण्याने धुऊन पुसा.

पावसाळा सरल्यावर पिसं गळतात, अंडी थांबतात. हा रोग नाही. नवीन पिसांना प्रथिनं लागतात, तेव्हा खाण्यात शेंगदाण्याची ढेप थोडी वाढवा. ढेपेला बुरशी मात्र नको.

पायांवरचे खवले उठलेले, खडबडीत दिसले तर त्याखाली सूक्ष्म कीड असते. कोमट पाण्याने पाय धुऊन खोबरेल तेल चोळा, काही आठवडे चोळत राहा. तळपायाला काळी खपली आणि सूज असेल तर बसायची काठी फार उंच आहे का ते बघा. नखं वाढली असतील तर फक्त टोक कापा, आतली रक्तवाहिनी बॅटरीच्या उजेडात दिसते.

काटोलचा उन्हाळा हा वेगळाच विषय. कोंबडीला घाम येत नाही आणि तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या पुढेच असतं. बाहेर पारा ४५ वर गेला की चोच उघडून धापा टाकणं एवढाच मार्ग तिला उरतो. माठातलं पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, दुपारी दाणे टाकू नका, खुराड्यावरच्या पत्र्यावर ओलं पोतं टाका. बागेत सावली असते खरी, पण फवारणी झालेल्या बागेत कोंबड्या सोडू नका. जूनमध्ये पेरणीच्या वेळी औषध लावलेलं रंगीत बियाणं अंगणात सांडतं, तेही वेचून उचला.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, झाल्यावर औषध नाही. हिरवट हगवण, मान वाकडी होणं, मग पटापट मरणं. उपाय लशीचा : पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बीची सुई. अडचण अशी की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची येते आणि एकदा उघडली की एक-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारपाजारच्यांनी एकच दिवस ठरवा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, लस बर्फात ठेवूनच आणा.

घरी जमण्यासारखं नसेल तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय.

एकाच वेळी अनेक कोंबड्या मेल्या तर त्या कापू नका, खाऊ नका, नाल्यात फेकू नका, कुत्र्या-मांजरांनाही घालू नका. कारण बर्ड फ्लूही असू शकतं : २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला होता. नागपूरजवळ गोरेवाड्यात २०२४ च्या डिसेंबरअखेर ३ वाघ आणि १ बिबट्या याच रोगाने दगावले. मेलेल्या कोंबड्यांना उघड्या हाताने शिवू नका, उरलेल्या बाहेर सोडू नका आणि आधी दवाखान्याला कळवा.