अवगाह स्वेदाची द्रोणी : नियोजन व खर्चाचा हिशेब

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात वर्णिलेल्या तेरा साग्नि स्वेदांपैकी अवगाह हा एक होय. सुश्रुताचार्यांच्या चतुर्विध वर्गीकरणात तो द्रवस्वेदात अंतर्भूत होतो. अर्श, मूत्रकृच्छ्र, कटिशूल अशा वातप्रधान विकारांत त्याची उपयुक्तता सर्वांच्या परिचयाची आहे. अनेक वैद्य घरालगतच्या चिकित्सालयात, तर काही रुग्ण स्वतःच्या घरी, यासाठी कायमस्वरूपी टब बसविण्याचा विचार करतात. अशा वेळी प्रथम चौकशी होते ती टबाच्या किमतीची. वस्तुतः एकंदर खर्च ठरतो तो टबात किती पाणी भरावयाचे यावर.

पाण्याचे प्रमाण

शार्ङ्गधरसंहितेत नाभीच्या वर सहा अंगुळे इतके निमज्जन सांगितले आहे. पाय पसरून बसलेल्या प्रौढ रुग्णास यासाठी सुमारे २०० लिटर पाणी पुरते. मानेपर्यंत बुडावयाचे झाल्यास हेच प्रमाण ३५० लिटरच्या घरात जाते. हृदयावर स्वेद मृदू करावा अथवा करूच नये, हा शास्त्रादेश पाहता उथळ द्रोणीच अधिक उचित होय. येथे शास्त्र आणि काटकसर एकाच बाजूस आहेत.

जमीन व भार

२०० लिटर पाणी, ७० किलोचा रुग्ण व ५० किलोचा टब मिळून ३२० किलो भार होतो. तो साधारण एका चौरस मीटरवर येतो. निवासी खोलीची जमीन सामान्यतः दर चौरस मीटरला २०० किलो भार गृहीत धरून बांधलेली असते. म्हणून वरच्या मजल्यावर टब बसविण्यापूर्वी स्थापत्य अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. तळमजला शक्य असल्यास तोच निवडावा.

उष्णता

२०० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे साडेतीन युनिट वीज लागते. हिवाळ्यात नळाचे पाणी १५ अंशांवर आल्यास सुमारे सहा युनिट लागतात. टाकीतील पाणी ६० अंशांचे असल्यास एका अवगाहासाठी त्यातील ८५ लिटर लागते व उरलेले नळाचे चालते. अर्थात २५ लिटरचा गिझर येथे अपुरा ठरतो. १०० लिटरची साठवण टाकी किंवा सौर जलतापक घ्यावा. कोकणासारख्या ठिकाणी पावसाळ्यासाठी विजेची जोड ठेवावी. टबात विजेची कांडी कदापि सोडू नये. उत्तम अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच यांचा खर्च प्रथमच धरावा. तापमान ४० अंशांपलीकडे नेऊ नये व तापमापीने मोजल्यावाचून रुग्णास आत बसवू नये.

क्वाथ

सोळापट पाणी घालून अष्टमांश उरविण्याच्या रीतीने एक किलो भरडीपासून दोन लिटर क्वाथ मिळतो. संपूर्ण द्रोणी क्वाथाने भरावयाची तर १०० किलो दशमूळ लागेल. व्यवहारात पाच किलो भरडीचा दहा लिटर क्वाथ उष्ण जलात मिसळणे परवडते. औषधालयांनी याच हिशेबाने मागणी नोंदवावी.

स्वच्छता व निचरा

फवाऱ्यांचे, तेच पाणी फिरविणारे टब आकर्षक दिसतात. परंतु कोमट, फिरत्या पाण्यात लिजिओनेला जंतू वाढू शकतात. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात मांडलेल्या अशा टबामुळे साथ पसरून किमान ३२ जण दगावले. म्हणून प्रत्येक रुग्णानंतर पाणी सोडून टब घासून धुता येईल अशी साधी, गुळगुळीत फायबरची द्रोणी घ्यावी. लाकूड तेल शोषते व ते निर्जंतुक करणे कठीण जाते. निचऱ्याच्या वाटेवर तेल अडविणारी कुंडी असावी, अन्यथा नळी तुंबते. धुण्यासह दर रुग्णामागे २६० लिटर पाणी धरावे. रोज सहा रुग्ण म्हणजे सुमारे १,५६० लिटर होतात. टाकी तेवढी आहे का, ते आधी पाहावे.

अंदाजपत्रक

टब, नळकाम, उष्णता, वीजसुरक्षा, घसरणरोधक फरशी, आधाराचा दांडा व निचरा अशी स्वतंत्र शीर्षके करून प्रत्येकाचे दोन दरपत्रक घ्यावेत आणि एकूण रकमेच्या दहा टक्के राखीव ठेवावेत. उदाहरणार्थ, एक लाख रुपये गुंतविले व पाच वर्षे दरवर्षी ४०० अवगाह झाले, तर प्रत्येकामागे ५० रुपये भांडवली खर्च पडतो. वर्षाला १०० च झाले, तर २०० रुपये. वीज, पाणी, क्वाथ, टॉवेल व परिचारकाचे वेतन यांची भर त्यावर पडते.

गर्भिणी, रक्तपित्ती, अतिसारी, मधुमेही इत्यादींस स्वेद निषिद्ध सांगितला आहे. असे रुग्ण वगळून आपल्याकडे खरोखर किती अवगाह होतील, याची मागील वर्षाच्या नोंदवहीवरून मोजणी करावी. आकडा लहान निघाल्यास कटिस्नानाची बैठी द्रोणी पुरेशी ठरते, आणि रुग्णहितास त्यामुळे कोणतीही बाधा येत नाही.