झाडाचा कडूपणा, व्यापाऱ्याचा भाव

हिंगणघाटच्या बाजारात कापसाची गाडी लागली की अडत्याचा हात आधी ढिगात जातो. धाग्याची लांबी, ओल आणि कवडी, या तीन गोष्टी तो पाहतो. कवडी म्हणजे किडीने खाल्लेल्या बोंडातला पिवळा, चिकटलेला कापूस. कवडी जास्त निघाली की भाव उतरतो आणि शेतकऱ्याचे तोंडही उतरते. वर्धा जिल्ह्याच्या सर्वांत मोठ्या व्यापाराचा भाव असा एका बोटभरही नसलेल्या अळीच्या हाती आहे.

शेतकरी या अळीवर फवारणी करतो, हे आपण सर्व जाणतो. पण पऱ्हाटी स्वतःही अळीशी लढत असते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. तिच्याजवळ काठी नाही आणि पळून जायला पायही नाहीत. तिचे शस्त्र म्हणजे तिच्या अंगातले रसायन. हेच रसायन पुढे सरकीबरोबर जिनिंगमध्ये, तेलगिरणीत, ढेपीच्या पोत्यात आणि शेवटी आपल्या गोठ्यात येते. म्हणून आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी त्याची ओळख करून घेणे जरुरीचे आहे. ज्याला आपण माल म्हणतो, त्याचा गुण आणि दोष बऱ्याचदा या एकाच रसायनात असतो.

सरकीतले काळे ठिपके

एक सरकी घ्या आणि ब्लेडने मधोमध कापा. आतल्या फिकट गरावर बारीक काळपट ठिपके दिसतील. पऱ्हाटीच्या पानावर आणि हिरव्या बोंडावरही असेच ठिपके असतात. या बारीक गाठी आहेत आणि त्यांत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य साठवलेले असते. अळीने पान चावले की गाठ फुटते आणि द्रव्य तिच्या पोटात जाते. तिला अन्न नीट पचत नाही, वाढ खुंटते आणि पुष्कळ किडे पहिल्या घासालाच मागे फिरतात.

गॉसिपॉल हे नाव १८९९ साली पोलंडचे रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्हस्की यांनी दिले. त्याचा झाडाला उपयोग काय, हे मात्र पुढे एका फसलेल्या प्रयोगातून पक्के कळले. १९५० च्या दशकात अमेरिकेत बिनगाठीची, म्हणजे गॉसिपॉल नसलेली पऱ्हाटी तयार झाली. तेल स्वच्छ निघेल, ढेप कोंबडीलाही चालेल, असा हिशेब होता. पण शेतात लावल्यावर, एरवी कापसाकडे न फिरकणारे किडेही तिच्यावर तुटून पडले. कडूपणा काढला आणि झाड उघडे पडले. तो धंदा तिथेच बसला.

यातून धडा घेऊन पुढचे काम झाले. अमेरिकेतील टेक्सास येथे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कीर्ती राठोड यांनी २००६ साली अशी पऱ्हाटी दाखवली की जिच्या सरकीत गॉसिपॉल अगदी थोडे, पण पानात आणि खोडात पूर्वीइतकेच. शस्त्र दारावर ठेवायचे आणि घरातून काढायचे, असा हा प्रकार. या वाणाला अमेरिकेच्या शेती खात्याने २०१८ मध्ये परवानगी दिली.

झाडाची हाक

पऱ्हाटीचे दुसरे शस्त्र याहून नवलाचे आहे. अळी पान कुरतडू लागली की तिच्या लाळेमुळे झाडाला खूण पटते आणि ते हवेत एक खास वास सोडते. हा वास आपल्या नाकाला जाणवत नाही, पण गांधीलमाशीच्या जातीतल्या काही बारीक माश्यांना तो लांबून कळतो. त्या येतात, अळीच्या अंगात अंडी घालतात आणि अळीचा नाश करतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी हे १९९० साली मक्यावर दाखवले आणि त्याच दशकात कापसावरही. म्हणजे झाड शत्रूच्या शत्रूला हाक मारते. उठल्यासुटल्या जहाल फवारणी केली की या मदतीला आलेल्या माश्या आधी मरतात, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

पण शत्रूही शिकतो. हिरव्या बोंडअळीच्या पोटात गॉसिपॉल पचवणारी यंत्रणा असल्याचे चिनी संशोधकांनी २००७ साली उघड केले. माणसाच्या उपायांचेही तेच झाले. २००२ साली आपल्या देशात बीटी कापूस आला. त्यातले विष पऱ्हाटीचे स्वतःचे नाही, ते एका जिवाणूकडून घेतलेले आहे. काही वर्षे ते चालले. पुढे गुलाबी बोंडअळी त्याला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात तिने धुमाकूळ घातला. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हा झाडाच्या रसायनाचा विषय केवळ पुस्तकी राहत नाही.

ढेप विकणाऱ्यांनी हे पाहावे

आता व्यवहाराकडे येऊ. सरकीचे कच्चे तेल लालसर काळपट दिसते, ते मुख्यतः गॉसिपॉलमुळे. तेलगिरणीत कॉस्टिक सोड्याने ते धुतात, तेव्हाच ते खाण्याजोगे होते. धुण्यात जो गाळ निघतो तो साबणवाल्यांच्या कामी येतो. चीनमध्ये १९५० च्या दशकात काही खेड्यांतून सरकीचे न धुतलेले तेल खाण्यात आले आणि तिथल्या पुरुषांना मूल होईना, असे आढळले. म्हणून घाणीवर सरकी काढून ते तेल तसेच स्वयंपाकासाठी विकणे हा व्यापार नव्हे. तो गिऱ्हाइकाशी दगा आहे.

ढेपीचेही तसेच. मोठ्या गाई-म्हशीला सरकी ढेप मानवते, कारण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गॉसिपॉलचे पुष्कळसे विष बांधले जाते. लहान वासराला आणि करडाला ही सोय नसते. पैदाशीच्या बोकडाला किंवा वळूला ती भरमसाट घालणेही बरे नाही. कोंबडीला तर सांभाळून. ढेपीत गॉसिपॉल जास्त असेल तर साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो आणि माल परत येतो. आमच्या पुष्कळ बांधवांचा शेळीपालनाचा आणि कुक्कुटपालनाचा धंदा आहे. स्वस्त मिळाली म्हणून सरकी ढेप खाद्यात मिसळण्याआधी त्यांनी पशुवैद्यकाला विचारावे. ढेप विकणाऱ्यानेही गिऱ्हाइकाला विचारावे की जनावर कोणते. एवढा एक प्रश्न विचारल्याने दुकानाची पत वाढते.

आझाद दरख्त

कापसाचा कडूपणा आपण धुऊन काढतो. कडुनिंबाचा कडूपणा मात्र तसाच विकला जातो, तोच त्याचा माल आहे. निंबाचे शास्त्रीय नाव अझाडिरॅक्टा. हा शब्द फारसीतल्या आझाद दरख्त या शब्दांवरून आला, हे आमच्या उर्दू जाणणाऱ्या वाचकांना लगेच कळेल. निंबाच्या तेलातली कडू द्रव्ये प्रथम वेगळी काढली ती सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी, १९४२ साली. सर्पगंधेतून औषधी द्रव्य काढून त्याला हकीम अजमल खान यांचे नाव देणारे हेच ते शास्त्रज्ञ.

किड्यांविरुद्धचा निंबाचा मुख्य पदार्थ अझाडिरॅक्टिन, तो १९६८ साली इंग्लंडमध्ये वेगळा करण्यात आला. त्याआधी १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा सगळे हिरवे खाऊन टोळांनी निंब तेवढा सोडला, हे एका जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्यांनी पाहिले होते. हा पदार्थ किड्याला झटक्यात मारत नाही. किड्याची खाण्याची इच्छा जाते, आणि खाल्लेच तर कात टाकताना तो अडकतो. मारणाऱ्या विषाला कीड लवकर सरावते. इथे झाड एकाच वेळी अनेक कडू द्रव्यांनी लढत असल्याने तिला ते जड जाते.

यावर परदेशी कंपनीचा डोळा गेला नसता तरच नवल. निंबापासून बुरशीनाशक करण्याचे पेटंट एका अमेरिकन कंपनीला आणि तिथल्या शेती खात्याला युरोपात १९९४ साली मिळाले. भारतातून आणि बाहेरून हरकत घेतली गेली. २००० साली पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्ट कागदावर नसेल तर ती दुसऱ्याची होते, हा त्यातला धडा.

बाजार कुठे आहे

२०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबतेलाचा लेप सक्तीचा झाला. तेव्हापासून निंबोळीला कायमचे गिऱ्हाईक आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ पासून ग्रामोद्योगाचे काम चालले, सुधारलेली घाणी तिथेच तयार झाली. आज त्याच गावात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. घाणी चालवणाऱ्या आणि साबण करणाऱ्या कारागिरांनी तिथे जाऊन चौकशी करावी, असे आम्हाला वाटते.

मात्र माल नीट हवा. जून-जुलैत निंबोळ्या रस्त्यावर पडून कुजतात, तशा उचललेल्या निंबोळीला बुरशी असते. पिकलेली निंबोळी वेचावी, गर धुवावा, बी सावलीत वाळवावे आणि ज्यूटच्या पोत्यात, हवेशीर जागी ठेवावे. कडक उन्हात अझाडिरॅक्टिन नासते. मग बी कडू लागते, पण कामाचे राहत नाही. शेतकऱ्याला अर्क करायचा असेल तर पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळावी, त्यात साबणाचे थोडे पाणी मिसळावे आणि सर्व मिळून शंभर लिटर करावे. फवारणी संध्याकाळी करावी. आणि हेही सांगितले पाहिजे की निंबतेल तान्ह्या मुलाच्या पोटात देऊ नये. झाडाचे औषध म्हणजे निरुपद्रवी असे नाही.

सुतारबांधवांना तर हा सगळा विषय रोजच्या हातचा आहे. सागवानाच्या आतल्या तपकिरी लाकडाला वाळवी सहसा लागत नाही, कारण त्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते. बाहेरच्या फिकट भागात ते फारसे नसते. दोन्ही भाग सागाचेच, पण एक टिकतो आणि दुसरा काही वर्षांत भुसा होतो. फिकट लाकूड पॉलिशखाली लपवून पक्क्या सागाच्या भावाने विकणारा स्वतःचेच नाव पोखरतो.

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिची किंमतही तिच्या अंगातल्या द्रव्यामुळेच आहे. झाडाने हे सारे आपल्यासाठी केलेले नाही, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी केले आहे. आपल्या हाती आलेल्या मालात ते कुठे ठेवायचे आणि कुठून काढायचे, हे ज्याला समजले त्याचा माल परत येत नाही. पुढच्या हंगामात सरकीचे पोते उघडाल तेव्हा एक सरकी कापून जरूर पाहा.