हातासरशी तेवढं!

मैत्रिणींनो, घरात गवंडीकाम निघालं की आपल्या तोंडी एक शब्द हमखास येतो : ‘हातासरशी’! “मिस्त्री, हातासरशी तेवढी लॉफ्टला दारं बसवून टाका ना!” मिस्त्रीही “होईल की, ताई” म्हणतात. आपण खूश, तेही खूश. पंचाईत होते ती बिलाच्या दिवशी.

आमच्याकडे गेल्या दिवाळीआधी स्वयंपाकघराचं काम काढलं होतं. नवा ओटा, सिंक, भिंतीला टाइल्स आणि रंग, सगळं मिळून ८५,००० रुपयांत ठरलं. काम छान झालं. पण बिल हातात आलं ते १,१७,४०० रुपयांचं! ह्यांनी बिल पाहिलं मात्र, “ठरले तेवढेच देणार, वर एक पैसा नाही,” म्हणाले. मिस्त्रींचाही चेहरा उतरला. “साहेब, ताईंनाच विचारा,” एवढंच ते म्हणाले. दोघंही माझ्याकडे बघायला लागले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रात्री सगळं आवरल्यावर बिल घेऊन बसले. वरचे ३२,४०० रुपये पाच कामांचे होते. लॉफ्टची दारं ९,५००, बाल्कनीतली धुण्याची मोरी ७,२००, चार जादा प्लग पॉइंट ४,८००, ओट्यामागचा गंजलेला पाइप बदलला त्याचे ६,४०० आणि राडारोडा उचलल्याचे ४,५००. एकेक रक्कम वाचताना लक्षात आलं, की ही पाचही कामं एका जातीची नाहीतच.

राडारोड्याचंच बघा. जुना ओटा फोडल्याशिवाय नवा बसणार कसा? आणि फोडलेलं सामान काय घरातच ठेवायचं? जे केल्यावाचून ठरलेलं काम पुरंच होत नाही, ते कागदावर नसलं तरी ठरलेल्या कामातच धरायला हवं. दुसरी जात पाइपची. भिंत फोडेपर्यंत तो कुणालाच दिसला नव्हता. घर आमचं, पाइप आमचा. त्याचा खर्च मिस्त्रींनी का सोसावा? मात्र भाव आधी सांगायला हवा होता. उरलेली तीन कामं तिसऱ्या जातीची. ती मी सांगितली म्हणूनच झाली होती. खरं ‘जादा काम’ म्हणजे हेच.

“पण लेखी कुठं होतं?” असं हे म्हणालेच. आमच्या शेजारी वकीलकाका राहतात. त्यांनी समजावलं, की तोंडी ठरलेलंही बहुतेक वेळा करारच असतो. अडचण येते ती पुराव्याची. शिवाय १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं ७० वं कलम सांगतं, की एखाद्यानं फुकट करायचा हेतू नसताना आपल्यासाठी रीतसर काही काम केलं आणि आपण त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो.

ह्यावरचा एक गाजलेला निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९६१ साली दिला. बंगालमध्ये १९४४ साली एका बांधकाम कंपनीनं सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून शेड वगैरे बांधून दिल्या. सरकारनं त्या वापरल्या आणि पुढे म्हटलं, नियमाप्रमाणे करारच झाला नाही, पैसे कसले? न्यायालयानं पैसे द्यायला लावले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती गजेंद्रगडकर आपल्या साताऱ्याचे! त्यांनी दुसरी बाजूही मांडली आहे : न मागता केलेलं काम नाकारायची मोकळीक समोरच्याला असते. तेव्हा नको असलेलं काम होताना दिसलं, तर तिथल्या तिथं “हे नको” म्हणा. गप्प राहून वापरायचं आणि बिलाच्या दिवशी भांडायचं, हे बरं नव्हे.

मला हे पटायला आणखी एक कारण होतं. मी शाळेत तासिकांवर शिकवते, जेवढे तास तेवढेच पैसे. “मॅडम, हातासरशी तेवढं स्नेहसंमेलनाचं बघा,” असं सांगून संध्याकाळच्या संध्याकाळ घेतली जाते, तेव्हा मी घरी येऊन धुसफुसते. मग मिस्त्रींची संध्याकाळ फुकट कशी? फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या मैत्रिणींना तर हे सांगायलाच नको. “हातासरशी फॉल-पिको पण!” हे त्या रोज ऐकतात.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना चहाला बोलावलं. राडारोड्याचे पैसे त्यांनी सोडले, बाकीचे २७,९०० आम्ही दिले. ह्यांची कुरकुर दोन दिवस चालली, पण भांडण मिटलं.

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून थोडं सांगते. काम द्या किंवा घ्या, दोन्हीकडे उपयोगी पडेल :

१. काय काय करायचं ते लिहाच, पण काय धरलेलं नाही तेही लिहा. तोडफोड, राडारोडा, वाहतूक, सामान कुणाचं, हे स्पष्ट असू द्या.

२. ठरल्याबाहेरचं काम निघालं की आधी भाव आणि लागणारे दिवस विचारा, मगच ‘हो’ म्हणा. व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाकून ठेवा. जपून ठेवलेला निरोप वेळेला पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

३. भिंतीआड काही निघालं तर फोटो काढून दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे आधीच ठरवा.

४. जादा काम सांगायचं ते घरातल्या एकाच माणसानं. सासूबाईंचं एक, मुलांचं दुसरं, असं नको.

५. जादा कामाचं बिल वेगळं ठेवा आणि ते काम संपलं की लगेच चुकतं करा.

एवढं करूनही कुणी फसवलंच, तर घरकामाची अशी सेवा घेणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण तिथवर जायची वेळच कशाला येऊ द्यायची?

परवा मिस्त्री बाथरूमचा नळ बघायला आले होते. माझ्या तोंडून सवयीनं निघालंच, “मिस्त्री, हातासरशी तेवढं...” ते हसले, खिशातून डायरी काढली आणि म्हणाले, “सांगा ताई, लिहून घेतो!”