घरातील शुश्रूषा (लेखांक सातवा) : नऊ महिन्यांचा गुडघा

गेल्या आठवड्यात मनगट आणि कोपर यांच्या अस्थिभंगानंतरच्या शुश्रूषेचा विचार केला. आज ज्या दुखापतीकडे वळावयाचे आहे तिच्यात हाड मोडत नाही, साध्या एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत सूज ओसरून मुलगा अंगणात हिंडूफिरूही लागतो. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना ती किरकोळ वाटते, आणि पुढचे नुकसान बहुतांशी याच गैरसमजातून होते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत पहाटेच्या अंधारात रस्त्यावर धावणारी सोळा-सतरा वर्षांची मुले-मुली आता नवी राहिलेली नाहीत. पोलीस भरतीतील मुलांची १६०० मीटरची आणि मुलींची ८०० मीटरची धाव त्यांच्या डोळ्यांपुढे असते, आणि सायंकाळी शाळेच्या मातीच्या मैदानावर कबड्डी नि खो-खो असतोच. ज्या घरात दोन-चार एकर कोरडवाहूखेरीज दुसरा आधार नाही, त्या घराच्या आशा या पायांवर उभ्या असतात. त्या पायाचा गुडघा आतून तुटला, म्हणजे घराने काय करावे, हा आजचा विषय.

गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना बांधून ठेवणारे दोन अस्थिबंध एकमेकांना छेद देऊन गेलेले असतात. त्यांपैकी पुढचा, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात आणि आपल्याकडे सरसकट ‘लिगामेंट’ म्हटले जाते, तो नडगीला पुढे घसरू देत नाही आणि पाऊल रोवलेले असताना गुडघ्याला भलतीकडे पिळवटू देत नाही. चढाई करणारा गडी साखळी चुकवण्यासाठी एका पायावर गर्रकन वळतो, खो-खोतील खेळाडू खांबाजवळ एकाएकी दिशा बदलते, उडीनंतर गुडघा ताठ ठेवून एकाच पायावर उतरणे घडते, आणि अशा क्षणी, पुष्कळदा कोणाचा धक्काही न लागता, तो बंध तुटतो. आतून ‘कट्’ असे काही वाजल्याचे मूल सांगते, गुडघा खचतो, आणि काही तासांतच सांध्यात रक्त साचून तो टम्म फुगतो. त्याच खेळातल्या मुलांच्या तुलनेत मुलींमध्ये ही दुखापत दुपटीपासून आठपटीपर्यंत अधिक आढळते, ही गोष्ट मुलींचे संघ तयार करणाऱ्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने ध्यानात ठेवावी.

अशा फुगलेल्या गुडघ्याला तेल लावून चोळून घेण्याची, किंवा ‘हाड सरकले आहे’ म्हणून ते बसवून घेण्यासाठी गावोगावच्या जाणत्या माणसाकडे नेण्याची चाल आपल्या भागात अद्याप आहे. त्या माणसाचा हेतू वाईट नसतो. परंतु तुटलेल्या बंधावर चोळण्याचा काडीइतका उपयोग नाही, आणि ताज्या रक्तस्रावावर ते अपायकारक आहे. बर्फ, विश्रांती, कुबड्यांचा आधार आणि शक्य तितक्या लवकर अस्थिरोगतज्ज्ञ, एवढेच त्या दिवसाचे कर्तव्य. तज्ज्ञ हाताने गुडघा हलवून निदान करतो, आणि एमआरआयने त्याची खातरी होते. सोबत गुडघ्यातली गादी फाटली आहे काय, हेही त्या तपासणीत कळते. हा बंध सांध्यातल्या द्रवात बुडालेला असल्यामुळे तुटलेल्या टोकांवर रक्ताची गुठळी धरत नाही आणि तो सहसा आपोआप जुळत नाही. वयस्क माणूस केवळ व्यायामावर निभावून नेऊ शकतो. पण ज्याला पुन्हा वळणे, उड्या मारणे, पकडी करणे आहे अशा किशोराचा गुडघा वारंवार निसटत राहिला तर गादी फाटत जाते आणि ऐन तारुण्यात सांधा झिजू लागतो. म्हणून अशा मुलाला शस्त्रक्रियेचा सल्ला बहुधा मिळतो.

आता खर्चाचा प्रश्न. वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तथापि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी आजही पुष्कळ कुटुंबे अकोल्याची, किंवा थेट नागपूरची वाट धरतात. कोठेही जा, खिशातली रक्कम मोजण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे काय आणि ही शस्त्रक्रिया बसते काय, याची विचारणा तेथील आरोग्यमित्राकडे करावी. शिधापत्रिका आणि आधारकार्ड सोबत असावे. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांवर १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे, आणि त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हा दाखला दुखापत झाल्या आठवड्यातच काढून ठेवावा. कर्ज काढण्याची घाई करू नये, कारण शस्त्रक्रियाही घाईची नसते: आधी सूज उतरवून, गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत व्यायाम करून मग ती केली, तर पुढे सांधा आखडण्याचा धोका कमी होतो. केवळ गादीची चकती मध्ये अडकून गुडघा कुलूप लागल्यासारखा बसला असेल, तर मात्र दिरंगाई नको.

मूल वाढते आहे, ही यातली सर्वांत नाजूक बाब. मांडीच्या हाडाचे खालचे आणि नडगीचे वरचे टोक येथे वाढीच्या कूर्चा असतात, आणि उंचीचा मोठा हिस्सा तेथूनच येतो. मुलींमध्ये त्या साधारण चौदाव्या, मुलांमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास मिटू लागतात. नवा बंध बसवण्यासाठी हाडात बोगदा पाडावा लागतो. तो बोगदा वा त्यातला स्क्रू उघड्या कूर्चेतून बेतालपणे गेला तर पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो. म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या बापाने शल्यविशारदाला निःसंकोच विचारावे, ‘याची वाढ किती राहिली आहे, आणि त्याप्रमाणे ऑपरेशनची पद्धत बदलणार काय?’ हाताचा एक साधा एक्स-रे काढून हाडांचे वय ताडता येते. या प्रश्नाने चांगला डॉक्टर रागावत नाही.

खुद्द शस्त्रक्रियेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ती तास-दोन तासांची असते. मांडीच्या मागच्या शिरेचा, वाटीखालच्या किंवा वाटीवरच्या पट्ट्याचा एक भाग काढून तो दुर्बिणीतून पाहत जुन्या बंधाच्या जागी बसवतात. टोकियोच्या केन्जी ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली, त्या विद्येचे हे फळ. पण घरच्यांचा समज असतो की ऑपरेशन झाले म्हणजे काम झाले. वस्तुतः शल्यविशारदाचे काम त्या दिवशी बव्हंशी संपते आणि घराचे सुरू होते.

पहिल्या पंधरवड्यात एकच गोष्ट सर्वांहून मोठी मानावी: गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे. दुखऱ्या गुडघ्याला किंचित वाकलेले राहणे सुखाचे वाटते, आणि आईच्या मायेचा हात आपोआप गुडघ्याखाली उशी सारतो. ती उशी काढावी. गुंडाळी टाचेखाली ठेवावी, म्हणजे गुडघा आपल्या भाराने सरळ होत जाईल. प्रारंभीच्या आठवड्यांत हे साधले नाही तर पुढे आयुष्यभर लंगडे चालणे पदरी येऊ शकते. मांडीचा पुढचा स्नायू या दिवसांत जणू निजलेला असतो. मुलगा सर्व बळ एकवटतो आणि तरी टाच अंथरुणावरून उचलत नाही, तेव्हा आपला पाय गेला असे वाटून तो रडवेला होतो. हे प्रत्येकाचे होते, सूज उतरताच स्नायू जागा होतो, हे त्याला आधीच सांगितलेले असावे. दुखण्याच्या गोळ्या सांगितलेल्या वेळी द्याव्यात, वेदना असह्य होईपर्यंत वाट पाहू नये, आणि मेडिकलच्या दुकानातून आपल्या मनाने दुसरी गोळी आणू नये. ताप, टाक्यांतून पू वा पाणी, पोटरीला सूज आणि ठणका यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही विलंब नको.

आमच्या घरांची रचना या रुग्णाला अनुकूल नसते, हेही आधीच ओळखावे. सतरंजीवर निजणे, मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून शौचास जाणे, या तिन्ही गोष्टी फिजिओने मुभा देईपर्यंत, म्हणजे कित्येक महिने, वर्ज्य. एक खाट, एक उंच खुर्ची आणि कमोडची खुर्ची यांची तजवीज शस्त्रक्रियेपूर्वी करावी. न्हाणीघरातली ओली फरशी कुबडीसाठी घातक असते, तेव्हा तेथे बसावयाला स्टूल हवे. तपासणीस जाताना काळी-पिवळीत दाटीवाटीने कोंबून नेऊ नये. पाय लांब करता येईल अशी जागा मिळाली पाहिजे, आणि वाटेत उतरून दोन पावले चालले पाहिजे. फिजिओ रोज परवडत नसेल तर पंधरवड्यातून एकदा गाठून पुढचे व्यायाम शिकून, मोबाईलवर चित्रित करून घ्यावेत आणि ते घरी नेमाने करावेत. पंधरा वर्षांच्या मुलाला विदर्भात खर्रा किती सहज मिळतो हे आपण सर्व जाणतो. तंबाखू जखम भरू देत नाही, हे त्याला या काळात स्पष्ट शब्दांत बजावावे. आहाराविषयी एवढेच, की तूर, सोयाबीन आणि हरभरा पिकवणाऱ्या जिल्ह्यात मुलाच्या ताटातली डाळ पातळ असू नये.

यानंतर येतो तो काळ मला सर्वांत धोक्याचा वाटतो. सहावा आठवडा उलटतो, कुबड्या सुटलेल्या असतात, मुलगा सरळ चालतो, त्याला दुखत नाही. आणि नेमक्या याच वेळी, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, आतला नवा बंध सर्वांत दुबळा असतो. बसवलेली शीर आधी अंशतः निर्जीव होते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरतात आणि तिचे अस्थिबंधात रूपांतर व्हावयाला कित्येक महिने, पुष्कळदा वर्षाहून अधिक काळ लागतो. मंगरूळपीर-कारंज्याकडच्या संत्रा बागायतदाराला हे समजावून द्यावे लागणार नाही: जंबेरीच्या खुंटावर बांधलेला डोळा हिरवा दिसला, कोंब फुटला, तरी सांधा पक्का होईपर्यंत त्याला तो कोणाला हिसडू देत नाही. मुलाला बरे वाटणे आणि गुडघा बरा होणे या दोन वेगळ्या तारखा आहेत, आणि त्यांमधल्या अंतरातच दुसऱ्यांदा तुटण्याचे अपघात घडतात. नॉर्वेतील ऑस्लो येथील रुग्णांवरून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, नवव्या महिन्यापर्यंत खेळ पुढे ढकलल्याच्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटत गेले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संकलनानुसार पंचविशीच्या आत खेळावर परतलेल्यांपैकी जवळजवळ चौघांतील एकाचा, या किंवा दुसऱ्या पायाचा, बंध पुन्हा तुटला.

येथे मुले एक उदाहरण हमखास पुढे करतात, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. सांगलीत वाढलेल्या क्रिकेटपटू स्मृती मानधना यांच्या गुडघ्याचा हाच बंध जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत तुटला; पुढच्या महिन्यातली विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेला त्यांना मुकावे लागले; आणि २४ जून रोजी डर्बीच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध त्यांनी ९० धावा केल्या, पाचच दिवसांनी टॉन्टन येथे वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. तो पराक्रम मनापासून वंदनीय आहे, आणि बिछान्यावरच्या मुलीला तो अवश्य सांगावा. पण त्याबरोबर हेही सांगावे की त्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या, हाडांची वाढ पुरी झालेली होती, आणि राष्ट्रीय संघाचे सर्व वैद्यकीय साहाय्य त्यांच्या दिमतीला होते. त्या कथेतली जिद्द घ्यावी, पाच महिन्यांची मुदत घेऊ नये.

मुलाच्या मनाची शुश्रूषा याहून कठीण. सोळाव्या वर्षी संघ हेच मुलाचे जग असते, आणि ते जग त्याच्यावाचून दुसऱ्याच दिवशी सुरू राहते, हे त्याला खाटेवरून ऐकू येते. ‘झाले ते बरे झाले, आता अभ्यासाला लाग’ असे म्हणणारा बाप त्याचे हितच चिंतीत असतो, पण मुलाला त्यात आपल्या दुःखाची अवहेलना दिसते. मित्रांना घरी येऊ द्यावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सरावाच्या वेळी मैदानाकडेला खुर्ची टाकून त्याला बसवावे, गुण मांडण्याचे काम द्यावे. एक वही त्याच्या हाती द्यावी: रोजचे व्यायाम, गुडघा किती वाकला, वाटीच्या वर ठरावीक अंतरावर शिंप्याच्या टेपने मोजलेला दोन्ही मांड्यांचा घेर, सगळे त्याने स्वतः लिहावे. गुडघा त्याचा आहे. त्याचा हिशेबही त्याच्याकडे असावा, आणि आईने दिवसभर ‘व्यायाम केलास का’ म्हणून मागे लागू नये.

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट मी आग्रहाने लिहितो. पुष्कळ घरांत तिची दुखापत हे तिचा खेळ बंद करण्याचे निमित्त होते. भावाला ‘बरा हो, मग खेळ’ म्हणणारे घर तिला ‘पुरे झाले आता’ म्हणते. हा अन्याय आहे. तिला मैदानावर परतण्याचा तितकाच अधिकार आहे, आणि बिछान्यावरच्या दिवसांत स्नान, कपडे, पाळी यांबाबत तिचा संकोच राखला जाईल अशी सोयही घराने केली पाहिजे. दहावी-बारावीचे वर्ष असल्यास परीक्षेत तळमजल्यावर बैठक मिळावी म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यासह मुख्याध्यापकांकडे अर्ज वेळेवर द्यावा.

नववा महिना भरला म्हणजे आपोआप परवानगी मिळाली, असेही नाही. दोन्ही पायांची ताकद मोजावी. एका पायावरच्या उड्यांचे अंतर पाहावे. जखमी पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्क्यांपर्यंत आला आहे, उडीवरून उतरताना गुडघा आत झुकत नाही, आणि मुलाच्या मनातली भीती गेली आहे, एवढे जमल्यावरच टप्प्याटप्प्याने खेळ. मध्यंतरी आंतरशालेय स्पर्धा येईल, भरतीची जाहिरात निघेल, गावातल्या संघाला त्याच्यावाचून अडेल, आणि चार वजनदार माणसे घरी येऊन ‘एकच सामना’ म्हणून गळ घालतील. भरतीची जाहिरात पुन्हा निघते. आईवडिलांना माझी विनंती आहे की, रुग्णालयातून घरी येण्यापूर्वी शल्यविशारदाकडून लेखी मागून घ्यावे: पायावर भार केव्हापासून, गुडघा किती वाकवावयाचा, गादी शिवली असल्यास कोणती बंधने, आणि खेळण्याची परवानगी कोणत्या कसोट्यांवर. तो कागद घरात दिसेल असा लावावा, आणि गळ घालण्यासाठी येणाऱ्यांना तोच दाखवावा.