नाव कुणी लिहून ठेवलं?

श्राद्धाच्या संकल्पात बापाचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव घेतात. तशीच आई, आजी आणि पणजी. बहुतेक मराठी घरांची आठवणही तिथेच येऊन थांबते. पणजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं, तर घरातल्या सर्वांत थोरल्या माणसालाही सांगता येत नाही. तिथून पुढचं काम कागदांचं. आणि कागदांत माणूस हुडकायचा तर आधी एक प्रश्न विचारावा लागतो: याचं नाव लिहून ठेवण्याची गरज तेव्हा कुणाला पडली होती?

कारण आठवण राहावी म्हणून कुणीच लिहिलेलं नाही. सारा वसूल करायचा होता, भाऊबंदांचं भांडण तोडायचं होतं, नाहीतर इनाम खरं की खोटं ते तपासायचं होतं. 1852च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामदारांना सनदा तर दाखवाव्या लागल्याच, शिवाय मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंतची वंशावळही मांडावी लागली. अशा घराण्याचा वंशज पुण्याच्या पेशवे दफ्तरापर्यंत पोचला, तर त्याला पाच-सहा पिढ्या एका जागी सापडू शकतात. साध्या कुळवाड्याचं तसं नाही.

त्याची वाट आजच्या सातबाऱ्यापासून मागे जाते. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यावर नावाशेजारी एका वर्तुळात आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. तो घेऊन तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नमुना सहाची वही उघडायची. ‘अमुक खातेदार मयत, वारस मुलगे दोन, मुलगी एक, पत्नी एक’ अशी नोंद मिळाली की एक पिढी हाती लागली. मग त्या मयताचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं होतं ते पाहायचं, असं मागे मागे.

खरी माहिती पुष्कळदा नावापुढच्या आखूड अक्षरांत दडलेली असते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन चार भावांची असली तरी खात्यावर थोरला एकटाच, म्हणून धाकट्याचा वंशज आपल्या पूर्वजाला व्यर्थ धुंडाळत बसतो. ही तीन अक्षरं दिसली की शोध थोरल्याच्या अंगाने न्यावा लागतो. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वारस लहान असला तर त्याच्यापुढे हे येतं आणि पुढे बहुधा आईचं नाव. ती विधवा झाली तेव्हा मूल अजाण होतं, एवढी हकिकत तेवढ्यातून कळते. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, त्याच्यापुढे नवऱ्याचं नाव. बाईला या कागदांत जागा मिळते ती अशी, नवरा गेल्यावर किंवा मूल लहान असल्यावर. तिच्या माहेराचा मात्र पत्ता नसतो, आणि लग्नात नाव बदललं असेल तर आधीचं नावही गेलेलं असतं. पणजीचा शोध पणजोबांच्या शोधाहून कितीतरी अवघड होतो तो यामुळे.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903चा. त्याच्याही मागे जायचं तर इंदापुरात 1836मध्ये लागू झालेल्या आणि मग इतरत्र पसरलेल्या सर्व्हेचे कागद. मराठवाड्यात निजामाचा अंमल, म्हणून उर्दू दफ्तर आणि फसली साल. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो. तिथे 1954च्या खासरा पत्रकाला फार मोल आहे.

आणि मग मोडी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं, अशी ती लिपी. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मुरलेला वाचक अशा पानावर आधी ‘मौजे’, ‘बिन’ आणि ‘कोम’ हेरतो. ‘मौजे’च्या पुढे गाव, ‘बिन’च्या एका अंगाला मुलगा, दुसऱ्या अंगाला बाप, ‘कोम’च्या पुढे नवरा. खुंट्या पक्क्या झाल्या की मधला मजकूर उलगडू लागतो. 2023मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा असे वाचक किती थोडे उरलेत ते सगळ्यांच्या ध्यानात आलं.

वाचता आलं तरी फसगत टळत नाही. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे ‘सखाराम बिन रामजी’ आणि ‘रामजी बिन सखाराम’ आलटून पालटून येत राहतात. साल न बघता जोडलं तर दोन पिढ्यांचा एकच माणूस होतो. इथे घरातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं कामी येतं. ‘मानमोडीत गेला’ म्हटलं की 1918चा इन्फ्लुएन्झा. तेवढ्या धाग्यावर गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवालाची जन्म-मृत्यूची वही, नेमक्या वर्षी उघडता येते. या वहीचा मोठा गुण असा की तिच्यात यायला जमीन लागत नाही. बाळाचं नाव मात्र पुष्कळदा नसतं. बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’.

सरकारबाहेरही लिहिणारे होते. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय गाव आणि आडनाव विचारून वही काढतात, आणि आलेल्या माणसाला पूर्वजाच्या हातची सही बघायला मिळू शकते. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी लोक बैल घेऊन दारोदार जात, यजमानाच्या घराण्याची वंशावळ म्हणत आणि नवी नावं चोपडीत घालत. या चोपड्या घरोघरच्या वारशाने चालत आल्यात. त्यांची नीट नक्कल व्हायला हवी, ती उशीर न करता.

ज्याच्याकडे ना जमीन ना यात्रेचे पैसे, त्याचं काय? त्याची सर्वांत तपशीलवार नोंद कधीकधी समुद्रापार सापडते. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ पाच लाख हिंदुस्थानी मजूर करारावर मॉरिशसला उतरले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले, कोकणातले मराठी लोकही होते. मळेवाल्यांना मजूर पळून गेला तर ओळखता यायला हवा होता. म्हणून रजिस्टरात नंबर, नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, पुढे फोटोही. बाईलाही स्वतःचा नंबर. गावच्या दफ्तरात जिला ‘अमक्याची बायको’ एवढीच ओळख होती, तिची उंची आणि कपाळावरचा व्रणसुद्धा इथे लिहिलेला असू शकतो. माणसांवर पाळत ठेवण्यासाठी केलेलं हे लिखाण आज नातवंडा-पतवंडांचा मोठा आधार झालं आहे. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ही रजिस्टरं जपून ठेवली आहेत.

तिथून उलटा प्रवास सोपा नाही. पूर्वजाचं पहिलं नावच पुढे आडनाव झालेलं असतं आणि गावाचं नाव कारकुनाने कानाला आलं तसं रोमन अक्षरांत उतरवलेलं. ते मोठ्याने म्हणून बघायचं, त्या उच्चाराशी जुळणारी गावं जिल्ह्याच्या यादीतून काढायची, आणि त्या गावांच्या कागदांत आधी त्याच्या बापाचा, मग भावांचा माग घ्यायचा. गेलेला माणूस गावच्या वहीत बहुधा नसतो. मागे राहिलेल्या भावाच्या नावापुढे मात्र ‘बिन’ असतो, आणि त्यापुढे दोघांच्या बापाचं नाव.