अराताचा पासपोर्ट

६ फेब्रुवारी २०१३ या दिवशी कोचीमध्ये भारत आणि पॅलेस्टाईन यांच्यात फुटबॉलचा मैत्रीपूर्ण सामना झाला. भारत २-४ असा हरला. स्कोअर बघून विसरून जावा असाच हा सामना होता. पण भारतीय फुटबॉलच्या इतिहासात त्याची नोंद राहिली, ती एका खेळाडूमुळे. जपानमध्ये जन्मलेला, तिथेच वाढलेला आणि तिथेच फुटबॉल शिकलेला तिशीतला एक मिडफिल्डर त्या दिवशी पहिल्यांदा भारताची निळी जर्सी घालून मैदानात उतरला. पुण्यात सगळे त्याला अराता इझुमी म्हणून ओळखत. भारतीय झाल्यावर त्याने नाव लावलं नीलकंठ खंभोलजा.

अराताचा जन्म ३१ जुलै १९८२ चा. गाव शिमोनोसेकी, जपानच्या होन्शू बेटाच्या पार पश्चिम टोकाचं बंदर. आई जपानी, वडील गुजराती. जपानी फुटबॉलच्या वरच्या दर्जापर्यंत तो पोचला नव्हता. तिथे एका कंपनीच्या संघातून खेळला, मग २००५ मध्ये सिंगापूरच्या लीगमध्ये अल्बिरेक्स निगाता या जपानी खेळाडूंच्याच क्लबकडे गेला. २००६ मध्ये ईस्ट बंगालने त्याला कोलकात्याला आणलं. वडिलांच्या देशात तो आला तो असा, नोकरीच्या शोधात, परदेशी खेळाडू म्हणून.

पण त्याची खरी कारकीर्द घडली महाराष्ट्रात. कोलकात्यानंतर तो मुंबईला महिंद्रा युनायटेडमध्ये आला. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला, कूपरेजवर खेळणारा हा नावाजलेला संघ, आणि प्रशिक्षक गोव्याचे डेरिक पेरेरा. २००९ मध्ये पेरेरा पुणे एफसीत आले आणि अराताही पुणेकर झाला. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये काढलेला हा क्लब दुसऱ्या श्रेणीतून नुकताच आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये चढला होता. पहिल्याच मोसमात तो तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेता ठरला. क्रिकेट आणि कुस्तीच्या या जिल्ह्याने इतक्या वरच्या पातळीवर फुटबॉल पहिल्यांदाच पाहिला.

त्या वर्षांत दौंडहून सकाळची गाडी धरून, पुणे स्टेशनला बस बदलत बालेवाडीला जाणारी पोरं होती. मी त्यांच्यातलाच. बालेवाडीचं स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, म्हणजे मुळात अॅथलेटिक्सचं. प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये अख्खी धावपट्टी. स्टँडमधून खेळाडूंचे चेहरे दिसायचे नाहीत, चालण्या-धावण्यावरून माणूस ओळखावा लागायचा. अराता लगेच ओळखू यायचा. चेंडू पायात नसताना तो काय करतो, हे बघण्यासारखं असे. पास येण्याआधी त्याची मान दोनदा वळायची, एकदा डाव्या खांद्यावरून, एकदा उजव्या. चेंडू आला की पहिल्याच स्पर्शात तो रिकाम्या जागेकडे वळलेला असायचा, आणि अंगावर आलेला बचावपटू त्याच्या मागे पडलेला. आमच्याकडे चेंडू आल्यावर विचार सुरू होतो. तो विचार आधीच उरकून ठेवायचा. लहानपणी कुणी नीट शिकवलं तरच हे अंगात भिनतं, हे मला त्याच्याकडे बघून कळलं.

तेव्हा आय-लीगच्या क्लबांना ठरावीकच परदेशी खेळाडू घेता येत आणि त्यातली एक जागा आशियाई खेळाडूसाठी असे. जपानी पासपोर्टमुळे अराता त्या जागेवर बसायचा. तो भारतीय झाला तर क्लबची ती जागा मोकळी होणार आणि त्याला राष्ट्रीय संघाचं दार उघडणार, हे सरळ होतं. सरळ नव्हतं ते भारतीय होणं.

आपल्या राज्यघटनेचं नववं कलम सांगतं की, जो स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेईल तो भारताचा नागरिक राहत नाही. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. परदेशात स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते ओसीआय कार्ड. त्यावर येता येतं, राहता येतं, नोकरी करता येते. मतदान करता येत नाही. आणि डिसेंबर २००८ पासून क्रीडा मंत्रालयाच्या निर्णयानुसार त्या कार्डावर देशाकडून खेळताही येत नाही. खेळायचं तर पासपोर्ट भारताचाच हवा. भारतीय वंशाच्या माणसाला १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली नोंदणी करून नागरिक होता येतं, पण त्याआधी इथे वर्षानुवर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. अर्ज जातो जिल्हाधिकारी कार्यालयातून. शिरूर-दौंडचा माणूस ज्या कचेरीत जमिनीच्या कामासाठी हेलपाटे घालतो, त्याच कचेरीतून देश बदलण्याचा कागदही पुढे सरकतो. अर्ज मान्य झाला की जुन्या देशाचं नागरिकत्व सोडल्याचा दाखला द्यायचा, मगच प्रमाणपत्र हातात पडतं. जपानही दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे अराताने २०१२ मध्ये जे सोडलं ते कायमचं सोडलं. जगातला सगळ्यात वजनदार म्हणावा असा पासपोर्ट त्याने परत केला आणि फिफाच्या क्रमवारीत दीडशेच्या आसपास घुटमळणाऱ्या संघासाठी खेळायला तो तयार झाला. परदेशात वाढून, भारताचं नागरिकत्व घेऊन भारताच्या फुटबॉल संघातून खेळलेला तो पहिला माणूस.

फिफाचा नियम तसा मोकळा आहे. राष्ट्रीयत्व असलं आणि आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कुणी त्या देशात जन्मलेलं असलं तर खेळाडू त्या देशाकडून खेळू शकतो. लहान देशांनी याचा भरपूर फायदा करून घेतला. आर्मेनियाचंच बघा. देशाची लोकसंख्या सुमारे ३० लाख, पण विसाव्या शतकातल्या कत्तली आणि स्थलांतरांमुळे त्याहून किती तरी जास्त आर्मेनियन जगभर पसरलेले. २००७ मध्ये त्या देशाने दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली. अरास ओझबिलिझ इस्तंबूलला जन्मला, नेदरलँड्समध्ये वाढला, आयाक्सच्या शाळेत तयार झाला आणि आर्मेनियाकडून खेळला. युरा मोव्हसिस्यान बाकूत जन्मला, अमेरिकेत वाढला, खेळला मात्र आर्मेनियाकडूनच. घरी बोलली जाणारी भाषा आणि पोटातली ओढ यांना तिथल्या कायद्याने वाट दिली.

शेजारच्या बांगलादेशनेही तेच केलं. इंग्लंडमध्ये वाढलेला, लेस्टर सिटीच्या तालमीतला हमझा चौधरी २५ मार्च २०२५ रोजी शिलाँगमध्ये भारताविरुद्धच पहिल्यांदा बांगलादेशकडून खेळला आणि सामना ०-० सुटला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशने आपल्याला १-० हरवलं. आशिया कपची आपली आशा त्याआधीच संपली होती. एका खेळाडूने संघ बदलतो असं मी म्हणत नाही. पण मधल्या फळीत चेंडू न घाबरता मागणारा एक माणूस असला की उरलेल्या दहांची छाती कशी रुंद होते, ते त्या दोन्ही सामन्यांत दिसलं.

आता आपल्याकडे या वाटेने आलेला दुसरा माणूस म्हणजे रायन विल्यम्स. त्याचं तर मूळच महाराष्ट्रातलं. जन्म १९९३ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. पोर्ट्समथ, फुलहॅम, बार्न्सली, रॉदरहॅम असा इंग्लंडमधला लांब प्रवास करून २०२३ मध्ये तो बेंगळुरू एफसीत आला. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आणि आजोबा लिंकन ग्रोस्टेट १९५० च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. २०१९ मध्ये रायन ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळला होता, पण तो मैत्रीपूर्ण असल्याने संघ बदलण्याची वाट बंद झाली नव्हती. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून तो भारतीय झाला.

दौंडच्या माणसाला ही गोष्ट लांबची वाटू नये. इंग्रजांच्या कागदांतलं ‘धोंड’ हे रेल्वेने मोठं केलेलं गाव. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड यांत अँग्लो-इंडियन कुटुंबं भरपूर होती. स्वातंत्र्यानंतर त्यांतली बरीच इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. रेल्वे वसाहतीतले जुने लोक अजून त्यांच्या हॉकी-फुटबॉलबद्दल बोलतात. रायनसारखी नातवंडं पर्थ आणि मेलबर्नच्या मैदानांवर आणखीही असतील. परक्याला आपलं म्हणणं आमच्या भागाला नवं नाही. शिरूरला पुरलेल्या कर्नल वॉलेस या १८०९ साली वारलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला इथले लोक सत्पुरुष मानत आल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरमध्येही आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की, भारतीय वंशाच्या खेळाडूंसाठी ही वाट थोडी सोपी झाली पाहिजे. पण अराताच्या कारकिर्दीकडे नीट पाहिलं तर एक दुसरी गोष्ट जास्त टोचते. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसी २०१५ मध्ये लीगमधून गेला. अराता मग त्या वर्षीच्या इंडियन सुपर लीगच्या लिलावात ६८ लाखांना कोलकात्याच्या संघाकडे गेला आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीतून पुन्हा बालेवाडीत परतला. तो क्लबही २०१९ मध्ये उठला आणि त्याच्या जागी हैदराबाद आलं. महाराष्ट्रातल्या ज्या व्यावसायिक क्लबांकडून हा माणूस खेळला, त्यांतला एकही आज उभा नाही. त्याने देश बदलला आणि इथेच राहिला. आम्ही एक क्लबही टिकवू शकलो नाही.

क्लब बुडाला की नुसते अकरा खेळाडू बेकार होत नाहीत. पुणे एफसीची अकादमी होती, वयोगटांचे संघ होते. दौंडच्या पंधरा वर्षांच्या पोराला ‘तिथे जायचंय’ असं बोट दाखवायला एक ठिकाण होतं. आज आमच्या इथल्या चांगल्या खेळाडूला पुढे काय, असं विचारलं तर तो पोलीस भरती सांगतो. त्यात काही कमीपणा नाही, दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत आणि घरोघरी त्यांचा आदर आहे. पण फुटबॉलमधूनही पोट भरतं, हे बालेवाडीत डोळ्यांनी दिसत होतं आणि ते दिसणं थांबलं.

अराताने निवृत्तीनंतर घेतलेलं काम मला म्हणूनच त्याच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांपेक्षा मोठं वाटतं. नवी मुंबईत घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनची निवासी फुटबॉल अकादमी आहे. देशभरातून निवडलेली मुलं तिथे शिष्यवृत्तीवर राहतात, शिकतात, खेळतात. तिथे तो प्रशिक्षक झाला. मान दोनदा वळवून चेंडू मागायची सवय बारा-तेराव्या वर्षी लावता येते, तिशीत नाही. शिमोनोसेकीच्या मुलाला ती जशी मिळाली तशी आता इथल्या मुलांना मिळते आहे.

पण अशा अकादमीत जागा मोजक्या, आणि निवड चाचणीपर्यंत पोचायलाही मुलगा आधी कुठे तरी नियमित खेळलेला हवा. पुणे जिल्ह्याची लीग मुख्यतः पुणे शहरातल्या मैदानांवर होते. न्हावरे किंवा पाटसच्या मुलाला दर आठवड्याला तिथे जाणं परवडत नाही; बापाची एक दिवसाची मजुरी जाण्या-येण्यात जाते. दौंडला रेल्वेची आणि राखीव दलाची जागा आहे, शिरूरला बोरा कॉलेज आहे, कुरकुंभ आणि रांजणगावच्या एमआयडीसीत सामाजिक जबाबदारीचा निधी असलेल्या मोठ्या कंपन्या आहेत. दोन तालुक्यांतले सहा-आठ संघ, पावसाळा सरल्यावर दर रविवारी दोन सामने, चौदा आणि सतरा वर्षांखालचे गट, एक पगारी प्रशिक्षक आणि जिल्हा संघटनेची मान्यता, एवढ्यावर लीग उभी राहते. पहिल्या वर्षाचा खर्च गावजत्रेतल्या एका मोठ्या क्रिकेट स्पर्धेच्या बक्षिसांएवढाच येईल. दोन्ही गावांतली जुनी खेळाडू मंडळी तयार आहेत. मैदानांच्या परवानगीचे अर्ज या दिवाळीनंतर द्यायचे आहेत.